बेडी तळाला, पंचा वर

आबा, काल चौकीवर नव्या पिशव्या आल्या. आत्ताच संपलेल्या लढाईतून उरलेल्या आहेत म्हणे. हिरवट कॅनव्हास, पितळी कड्या, आत तीन कप्पे आणि पट्टा खालीवर करायची सोय. गठ्ठा व्हरांड्यात सोडला आणि शिपायांना म्हटलं, हात लावू नका, आधी मी बघतो. एकेक पिशवी उचलून तिची शिवण दोन्ही हातांनी ओढून पाहिली, मग तिच्यात दोन विटा भरल्या, पट्टा खांद्यावर टाकला आणि अंगणात चार फेऱ्या मारल्या. पोरं तोंड फिरवून हसत होती. तुम्ही अशाच फेऱ्या मारत होतात तेव्हा मीही असाच हसलो होतो, आणि तेव्हा तुमचं जे वय होतं ते आता माझं झालं आहे. तुम्हाला जाऊनही पुष्कळ वर्षं लोटली. मेलेल्या माणसाला या वयात पत्र लिहायला बसावं असा काही माझा स्वभाव नाही, पण काल एका शिपायाने एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मी नेहमीसारखंच दिलं. त्यानंतर जेवण गोड लागलं नाही, म्हणून बसलो आहे.

मी उर्स्याहून पोलिसात नवा भरती होऊन लोणावळ्याच्या चौकीवर तुमच्या हाताखाली आलो तेव्हा मागली लढाई संपून तीनचार वर्षं झाली होती, आणि तेव्हाही अशाच उरलेल्या पिशव्या आल्या होत्या. ज्याला हवी त्याने घ्यावी, नको त्याने आपली घरची वापरावी, असा हुकूम होता. मी सगळ्यांत आधी धावलो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी निवडलेल्या पिशवीला पितळेचं बक्कल होतं आणि झाकणावर कुणा गोऱ्या शिपायाचा पुसट नंबर होता. तुम्ही ती उचललीत, शिवण ओढलीत, विटा घालून फिरून आलात आणि म्हणालात, "नाकापरीस मोती जड. पट्टा अरुंद हाये, डोंगर चढताना खांदा कापंल. आन् झाकन बघ, बक्कल सोडलं की आपसूक उघडं पडतंय. पिशवी कशी पायजे, हात काढला की तोंड मिटलं पायजे." मग तुमची स्वतःची दाखवलीत. जाड मांजरपाटाची, हिरड्याच्या पाण्यात बुडवून काळपट केलेली, तोंडाशी दोरी ओवलेली, तळाला दुहेरी कापड. मला ती भिकाऱ्याच्या झोळीसारखी वाटली. मी म्हणालो, मला हीच असू दे. तुम्ही हो म्हणालात. हट्टी माणसाशी तुम्ही कधी वाद घालत नव्हता, त्याला चालवून आणत होता.

भरायची कशी, हे मात्र तुमच्याच पद्धतीने. आपली गस्त आंदर मावळातली, गाडीतून उतरल्यावर नुसती पायपीट, आणि पिशवी वाईट भरली तर दुसऱ्या डोंगराला पाठ बोलू लागते. बेडी तळाला, पाठीकडच्या बाजूला, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, म्हणजे चालताना वाजणार नाही. तिच्यावर दोरीचं वेटोळं. मग मेणकापडात कागद, शाईपेन्सिल आणि अंगठ्याची शाई. कडेच्या कप्प्यात जळवांसाठी मिठाची पुरचुंडी, सुईदोरा, तंबाखू-चुना. सगळ्यांत वर घडी घातलेला धुतलेला पंचा. भाकरी या पिशवीत नाहीच, ती वेगळ्या फडक्यात कमरेला. मी विचारलं होतं, बेडीच्या पिशवीत भाकरी का नाही? तुम्ही म्हणालात, "मला माज्या हवालदारानं सांगितलं न्हाई, मी तुला सांगत न्हाई." पंचा वर का, हे मात्र सांगितलंत. आपण कुणाच्या ओट्यावर बसतो, पिशवी उघडतो. पहिल्यांदा जे बाहेर येतं ते घरातली बायापोरं बघतात. पंचा आला तर पाव्हणा आला, बेडी आली तर काळ आला. नंतर काय काढायचं ते काढा, पण पहिलं पंचा.

आणि तुमची ती सकाळची रीत. निघायच्या आधी तुम्ही प्रत्येकाला विचारायचात, तळाला काय, मधी काय, वर काय, आणि तो सांगेल ते ऐकून मान हलवायचात. कुणाचीही पिशवी उघडून पाहिल्याचं मला आठवत नाही. एकदा जमादारांनी त्यावरून टोकलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "उगडून बगायचं आसंल तर मग इचारायचं कशाला?" माझी गोष्ट वेगळी आहे. मी रोज प्रत्येक पिशवी उघडतो, हात घालून तळापर्यंत बघतो. शिपाई आपसांत म्हणतात, हवालदारांचा कुणावर भरवसा नाही. म्हणू देत. त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

ज्या गावात पुढचं घडलं त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या एकाने बांधाच्या पाण्यावरून शेजाऱ्याचा हात कुऱ्हाडीच्या दांड्याने मोडला होता आणि तो रानात पळाला होता. घरी एकटी म्हातारी आई. दुसरा कुणी हवालदार असता तर त्याने तिची भांडी ओट्याखाली फेकली असती. तुम्ही तीनदा नुसते जाऊन बसलात. पाणी प्यायलात, भाताचं कसं काय विचारलंत आणि उठलात. मी आपला पिशवी घेऊन तुमच्या मागे. तिसऱ्या खेपेला खळ्यावर भात झोडणाऱ्या एका गड्याने मला बघून मोठ्याने विचारलं, "हे कोन रं, हवालदाराच्या पिशवीचा बैल व्हय?" खळ्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्हीही हसलात. मी हसलो नाही. अंगात नवा डगला होता, कमरेला पट्टा होता आणि मला बैल म्हटलं होतं. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

त्याच दिवशी म्हातारी बोलली. तिने विचारलं, पोरगं हजर झालं तर त्याला बांधून न्याल का, सगळ्या गावासमोर? तुम्ही ओट्यावरून उठलात, हात जोडलेत आणि म्हणालात, "मावशी, शिवंच्या आत त्येच्या हाताला बेडी लागनार न्हाई. लागनार न्हाई आन् दिसनार बी न्हाई. माज्या संगं मानसावानी चालत यील. शिवंच्या भाईर सरकारचा कायदा, शिवंच्या आत माजा शबूद." असा शब्द तुम्ही आंदर मावळात आधीही बऱ्याच जणांना दिला होता आणि पाळला होता, हे मला नंतर कळलं. त्याच शब्दावर तिथली माणसं आपणहून येऊन हजर व्हायची. तुमच्याकडे दुसरं होतंच काय? बंदूक तुम्ही नेत नव्हता, काठी टेकायला वापरत होता. म्हातारी म्हणाली, सोमवारी या, तो येईल.

सोमवारी सकाळी निघताना तुम्ही विचारलंत. तळाला काय? दोरी आणि बेडी, फडक्यात. मधी? कागद. वर? पंचा. तुम्ही मान हलवलीत आणि आपण निघालो. वाटेत तुम्ही गुळाचा खडा काढून अर्धा मला दिलात. नदी ओलांडताना म्हणालात, हा पोरगा सुटला म्हणजे त्याला भेटायला जाऊ, तोवर याचं भात झोडायला कुणाला तरी सांगावं लागेल. मी हो म्हणालो.

तो आलेला आहे. ओट्यावर आईशेजारी बसलाय, दाढी वाढलेली, पाय काट्यांनी ओरबाडलेले. म्हातारीने तांब्याभांडं आणलंय, तुम्ही पाणी पिऊन भांडं त्याच्याकडे सरकवताय. अंगणाच्या कडेला खळ्यावरचे दोघंतिघं येऊन उभे राहिलेत, तो गडीही. तुम्ही मला म्हणता, कागद काढ, जबाब इथंच लिहू. मी बक्कल सोडतो. झाकण आपसूक पडतं आणि बेडी सरळ घरंगळून सारवलेल्या ओट्यावर येते. तिचा आवाज फार मोठा झाला नाही. पण त्याने भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे नाही, तुमच्याकडे पाहिलं. म्हातारीनेही तुमच्याकडेच पाहिलं. मग तो उठला, घरातून मागच्या दाराने बाहेर पडला आणि परड्याचं कुंपण ओलांडून वर रानात गेला. मी धावायला उठलो तर तुम्ही माझं मनगट धरलंत. म्हणालात, "बस. आता धावून काय व्हनार?"

तुम्ही म्हातारीला म्हणालात, "मावशी, पिशवी मी भरलीती. चूक माजी हाये." तिने बेडीकडे पाहिलं, मग रिकामं भांडं उचललं. "पानी प्यालात न्हवं? मग जावा," एवढंच बोलली. आपण निघालो. खळ्यावर कुणी हसलं नाही. नदीवर वहाणा काढताना म्हणालात, उद्यापासून माझी पिशवी तू घे, मी दुसरी शिवून घेतो. ती काळपट पिशवी दुसऱ्या दिवशी धुऊन, वाळवून, घडी घालून माझ्या खाटेवर ठेवली होती. मला वाटलं होतं तुम्ही रागवाल. रागवला असता तर मला जड गेलं नसतं.

वर कळवताना तुम्ही सगळं स्वतःच्या नावावर लिहिलंत. तुमची फीत उतरवली गेली आणि तुम्ही हवालदाराचे पुन्हा शिपाई झालात. उरलेली दोन वर्षं लोणावळ्यातल्या साहेबांच्या बंगल्यांवर फाटकापाशी उभे राहिलात. मी तिथून जाताना सलाम करायचो, तुम्ही उत्तरादाखल नुसतं विचारायचात, "पिशवी बरी हाये न्हवं?" तो माणूस काही परत आला नाही. कुणी म्हणे खाली कोकणात गेला, कुणी म्हणे मुंबईला गोदीत आहे. पुढच्याच वर्षी म्हातारी गेली आणि तिला आग पुतण्याने दिली. तुम्ही रजा काढून गेला होता. मीही आलो होतो. तुम्ही शिवेपाशी टोपी काढून उभे राहिलात, धूर विरेपर्यंत, पण आत गेला नाहीत. मी म्हणालो, चला की. तुम्ही म्हणालात, "आत कुटल्या तोंडानं जाऊ?" तुमचं ते तोंड मी रोज कुठे ना कुठे बघतो, आबा. त्या दिवशी मला रडू आलं, आणि मी काट्याचं निमित्त करून खाली वाकलो.

तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत. बेडी वर कशी आली, हा एक प्रश्न विचारायला दोन वर्षं होती. विचारला असता तर मी सांगितलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे नसतं सांगितलं. तेव्हापासून जो जो नवा शिपाई आला त्याला मी पिशवी भरायला शिकवताना ही गोष्ट सांगतो. बेडी तळाला, पंचा वर, आमच्या आबांची शिकवण. आणि माझ्या चुकीने काय झालं तेही सांगतो, त्यामुळे मी मोठा प्रामाणिक माणूस ठरतो. काल नव्या पिशव्यांपुढे बसून तेच सांगितलं, तर एक शिपाई म्हणाला, "पण हवालदार, तळाची बेडी वर येईलच कशी? तिच्यावर एवढं सगळं असताना?" मी नेहमीचं उत्तर दिलं, सकाळी घाई होती, हात चुकला. त्याने मान हलवली. तुमच्यासारखीच, ऐकून घेणारी. त्याचं समाधान झालं असावं.

नव्या पिशव्यांतल्या बहुतेक मी परत गठ्ठ्यात बांधल्या. ज्यांची तोंडं आपसूक मिटत होती तेवढ्या ठेवल्या. माझ्या खांद्यावर अजून तुमचीच आहे. पट्टा दोनदा बदलला, तळाचं कापड एकदा, हिरड्याचा रंग मात्र गेलेला नाही. हा कागद पाठवायचा तरी कुठे? तो तिच्यातच ठेवीन, तळाला, फडक्यात, बेडीच्याही खाली. उद्या शिपायांच्या पिशव्या बघेन. माझी बघणारं कुणी नाही.

पण तुम्ही त्या सोमवारी विचारलं होतंत आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे. हात चुकला नव्हता. पहाटे उठून मी बेडी तळातून काढली, फडकं सोडलं आणि ती सगळ्यांच्या वर ठेवली, त्या खळ्यावरच्या गड्याला दिसावी म्हणून. तुम्ही विचारलंत, वर काय. मी म्हणालो, पंचा. पंचा घरी दांडीवर वाळत होता, आबा.