घे म्हणेपर्यंत

४ जानेवारी १९६६
सकाळच्या गाडीने लोणावळ्यास पोचले. बंगला ऐसपैस, हवा कोरडी, थंडी अशी की पावलं आपोआप भराभर पडतात. व्हरांड्यापुढे पाण्याचा मोठा हौद. शाळेतून निवृत्त झाल्यावर पुण्यात भिशीच्या बायकांत बसण्यापेक्षा हे काम शंभरपट बरं. मिश्रीची सवय सोडवण्याच्या या केंद्रात मावळातल्या पाच बायका आहेत. भाजलेली तंबाखू दिवसभर हिरड्यांना घासून पाचही जणींच्या तोंडात पांढरे चट्टे उठलेत. डॉक्टर दर गुरुवारी तळेगावहून येतात. तंबाखू सुटली नाही तर कर्करोग होईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे.

६ जानेवारी
पद्धत सोपी आहे. मिश्रीची डबी पुढ्यात ठेवायची. तलफ आली की हात मांडीवर ठेवून बसायचं. आज दहा मिनिटं, उद्या वीस, पुढे तास. मी ‘घे’ म्हणेपर्यंत डबीला हात लावायचा नाही. फारच तगमग झाली तर शेजारणींनी मनगटं धरायची, किंवा हाताला काम द्यायचं. आंबी गावची कमळाबाई म्हणाली, “बाई, माज्या मालकाला बी बसवा की हितं, बाटली फुडं ठिवून!” सगळ्या हसल्या. मी हसले नाही.

१५ जानेवारी
सरूबाई सर्वांत कच्ची. परंदवडीची, वय बावीस. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून तीन वर्षांची चिंगी सोबत आहे. तलफ आली की ही लेकीला पोटाशी धरते. हा पळपुटेपणा झाला. ओढ मिश्रीची काय नि लेकराची काय, आवरता आलीच पाहिजे. आजपासून चिंगीलाही मी ‘घे’ म्हटल्याशिवाय उचलायचं नाही.

२२ जानेवारी
चिंगी व्हरांड्यात लोळून रडली. चाळीस मिनिटं. सरूबाईने ओठ चावून रक्त काढलं, पण हात मांडीवरून हलला नाही. सगळ्यांपुढे तिला शाबासकी दिली. रखवालदार सोपान पुटपुटला, “ह्ये पाप हाय, बाई.” त्याला आवार झाडायला पाठवलं.

२९ जानेवारी
पाच दिवस कुणी मिश्री मागितलेली नाही. आता ताट वाढलं तरी पाचही जणी माझ्या तोंडाकडे बघतात आणि ‘घे’ म्हटल्यावरच जेवतात. डॉक्टर थक्क झाले. चट्टे फिकट होत आहेत.

२ फेब्रुवारी
चिंगी हौदात पडली. मी टपाल टाकायला गेले होते, सोपान बाजारात. परत आले तेव्हा पाचही जणी व्हरांड्यात ओळीने बसलेल्या, हात मांडीवर. हौद दहा पावलांवर. पोर पाण्यावर तरंगत होती.
दिसत नव्हतं का, म्हणून सरूबाईला गदागदा हलवलं. म्हणाली, “दिसत व्हतं की. लय वाटलं घ्यावं. तुमी घे म्हणला न्हाईत.”

५ फेब्रुवारी
पोलिसांनी अपघात लिहून घेतला. सोपान काम सोडून गेला. बायकांना सांगितलं, घरी जा. एकही उठली नाही. सरूबाई म्हणाली, घरची ओढ आता लागतच नाही.
ती रडतही नाही.

७ फेब्रुवारी
ताप. घसा सुजला आहे. आवाज बसला. सरूबाई उशाशी बसून असते.

मंगळवार
आवाज गेला. शब्द फुटत नाही. खुणेने पाणी मागितलं. सरूबाईने तांब्या आणला, स्टुलावर ठेवला आणि समोर बसली.
“तलफ हाय, बाई. दम धरा. जाईल.”
कमळाबाईने एक मनगट धरलं, आणखी एकीने दुसरं. अगदी मायेने.

बुधवार
हाताला काम म्हणून वही देतात. लिहिणं थांबलं की पुन्हा मनगट धरतात. मोठ्या अक्षरांत ‘पाणी’ लिहून दाखवलं. एकीलाही वाचता येत नाही. कमळाबाई म्हणाली, काय मोत्यावानी अक्षर—
ओठ फुटले. तांब्या दोन हातांवर.

गुरुवार
डॉक्टर फाटकाशी. सरूबाईने बाहेर जाऊन सांगितलं, समद्या बऱ्या हायेत, बाई लिवत बसल्यात, आत येऊ नका. हसले ते. गाडी सुरू—
गेली.

सरूबाई तांब्या हातात घेऊन जवळ बसली. माझ्या ओठांकडे बघते. मी म्हणायची वाट बघते—
फक्त एक शब्द— ओठ हलतात— घ—