बाजूने कापलेलं पाकीट

वादी अदाई, मस्कत
१२ जून २०१६

ती. दादास,
विशाखाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने जुळवतोस, म्हणून सगळं लिहून कळवते. ह्यांची नोकरी जुलैअखेर खलास. उर्वीला इथलं कॉलेज दोन वर्षं झाल्यावर सोडावं लागतंय. तिची क्रेडिट पुण्याच्या विद्यापीठाने धरली तर ती थेट तिसऱ्या वर्षाला बसेल, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. कॉलेजने दिलेलं गुणांचं पाकीट शेजारच्या साबेराभाभींबरोबर पाठवलंय. तीस जूनच्या आत विद्यापीठात नेऊन दे. पोरगी धड जेवतसुद्धा नाही.

लोभ भाचीवरही असू दे.
तुझी विशाखा


पुणे, २० जून २०१६

चि. सौ. विशाखास,
अनेक आशीर्वाद.

पाकीट पोचलं. गुणपत्रिका देवापुढे ठेवून हळदकुंकू लावायची आपली रीत. तुझ्या दहावीलाही बाबांनी लावलं होतं. म्हणून पाकीट बाजूने कात्रीने अलगद कापलं, शिक्क्याला धक्का लावला नाही. काय गुण गं पोरीचे! मला रडूच आलं. कोपऱ्यात कुंकवाचं बोट टेकवलं, डिंकाने पाकीट चिकटवलं आणि आज घेऊन गेलो.

खिडकीवरच्या बाईंनी ते हातातसुद्धा घेतलं नाही. उघडलेलं चालत नाही, कॉलेजकडून नवं सीलबंद आणा म्हणाल्या. मी देवाची शपथ घेतली तर त्या हसल्या. मला खरंच ठाऊक नव्हतं गं. लगेच नवं पाठव.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
तुझा दादा


वादी अदाई, मस्कत
२६ जून २०१६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कुरिअरने आल्यापासून कॉलेजात खेटे घालतेय. रमजानमुळे ऑफिस लवकर बंद होतं, आणि ज्यांची सही लागते ते साहेब ईदनंतरच गावाहून येणार. तिथला मुस्तफा बिचारा रोज खुर्ची देतो आणि इन्शाल्ला म्हणतो. दुसऱ्या कुणाची सही चालत नाही.

तुझ्यावर फार चिडले होते. पण इतकं सगळं लिहिलं आणि पाकीट उघडू नकोस, एवढंच लिहायचं माझ्याकडून राहिलं. हे काय सांगायला हवं, असं वाटलं. उर्वी रडत नाही, भांडत नाही. मामांना मार्क्स आवडले का, एवढंच विचारत होती.

लोभ आहे, दादा. बाकी काही हातात नाही.
विशाखा


पुणे, १८ जुलै २०१६

चि. उर्वीस,
अनेक आशीर्वाद.

नवं पाकीट आज आलं. तसंच घेऊन धावलो. बाईंनी या खेपेला ते हातात घेतलं, शिक्का निरखला आणि परत दिलं. तारीख कधीच उलटलीय. पहिल्या वर्षाला जागा आहे म्हणाल्या, म्हणून तुझ्या आईने फोनवर सांगितलं होतं तसा अर्ज भरून आलो. तुझी दोन वर्षं मी घालवली, पोरी.

तू विचारलंस म्हणून सांगतो, गुण फार आवडले. पुण्यात ते पाहिलेला मी एकटाच.

पाकीट देवापुढे ठेवलंय. उघडलेलं नाही.

जमलं तर लोभ ठेव.
तुझा मामा