अर्ध्या डोक्याला अर्धी गोळी

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (हल्ली वाकताना कपाळ धरावं लागतं). तुझं पार्सल पोचलं: बामच्या दोन बाटल्या, पैकी एक गळकी, सुवासिक तेल, आणि लेकीविषयीच्या तक्रारींची चार पानं. हमाल जिन्याचे वीस मागत होता, दहावर आणला. निम्मा जिना मीच उतरले होते. तुझे गुडघे आणि भावजींचा खोकला आता बरा असेल. तू लिहितेस, परीक्षा आली की पोरगी डोकं धरून अंधारात पडते, आणि सांगते काय, तर पुस्तकातल्या ओळींवर नागमोडी उजेड चमकतो! मावशीचं ऐकते म्हणून मीच तिला खरमरीत पत्र लिहावं, नाहीतर तिचा चित्रकलेचा वर्ग बंद. लिहिते. पण आधी माझी हकीकत ऐक.

गेले काही महिने पूजेला बसले की डोळ्यांपुढे तेजाची एक रेघ उमटायची, वळणं घेत लखलखत मोठी व्हायची. मला वाटलं, इतक्या वर्षांच्या जपाची दखल घेतली गेली एकदाची. (यांना बोलले नाही, साक्षात्कार शेजारीपाजारी झाला असता.) मी भक्तिभावाने हात जोडून बसायचे, आणि तेज गेलं की उजव्या कपाळात सुतार खिळे ठोकायला बसायचा. मळमळ, उजेड नको, भांड्याचा आवाज नको. हे म्हणाले, "अर्धशिशी म्हणतेस, पण भांडतेस मात्र पूर्ण डोक्याने!"

औषध होतं गं घरात. पण गोळी महाग, आणि डोकं दुखतं अर्धंच, म्हणून मी अर्धीच घ्यायचे. तीही दुखणं चांगलं पिकल्यावर; आधीच घेतली आणि दुखणं आपलंआपण थांबलं, तर फुकट गेली ना! गुण येईना म्हणून भांडायला गेले, तर डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला (त्यांचं दुखत नव्हतं). म्हणाल्या, "काकू, गोळी काय डोक्याच्या मापाने बेततात? पूर्ण घ्या, आणि दुखू लागताच घ्या." मग मी भीत भीत तेजाचं विचारलं. तर ते म्हणे या दुखण्याचा निरोप्या, काही जणांकडे आधी येऊन जातो. हा मेंदूचाच आजार, पुन्हा पुन्हा उलटणारा, उपास-जागरणाने चेतणारा, आणि बरेचदा घराण्यात चालणारा. असा माझा साक्षात्कार तपासणीच्या फीसकट गेला. उपासाचं देवाशी बोलून घेतलंय. त्याची हरकत दिसत नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. खरमरीत पत्र लिहायला बसले होते, पण हात चालेना. ताई, ती रेघ मी डॉक्टरीणबाईंखेरीज कुणालाच सांगितली नव्हती. मग पोरीने थाप मारायला नेमकी तीच कुठून आणली? आपली आईसुद्धा भरदुपारी कपाळाला फडकं बांधून अंधारात पडायची, आणि आपण म्हणायचो, रुसलीय. पोरीला रागावू नकोस. डॉक्टरकडे ने. (माझ्या गोळ्या मागू नकोस, तिच्या वयाच्या वेगळ्या असतील.)

आणखी एक. तेल परत पाठवतेय. बूच उघडताच सुतार आला. उरलेल्या अर्ध्या गोळ्या टाकवत नाहीत; दोन मिळून एक होते का, हे बाईंना विचारायचं धाडस व्हायचंय. तेवढी पोरीकडून तिची रेघ कागदावर काढून घे आणि उलट टपाली पाठव. माझ्या रेघेशी ताडून बघते. रंग तिला हवे तेवढे वापरू दे.