पाळकांना नापास करताना

रविवार, ३ मार्च
आज चर्चमध्ये पाळकांचं प्रवचन – मत्तय सात. कुणाचा न्याय करू नका, म्हणजे तुमचाही होणार नाही. आणि मी पहिल्याच बाकावर! ड्रायव्हिंगची टेस्ट घेते मी. लोकांना पास-नापास करायचाच पगार मिळतो. आईने कोपराने ढोसलं – ऐक नीट, तुझ्यासाठीच आहे.

मंगळवार, ५ मार्च
कहर झाला. यादीत पहिलं नाव पाळकसाहेबांचं! वय एकसष्ट, पहिलीच टेस्ट. इतकी वर्षं गाडी पाळकीणबाई चालवायच्या, हे शेजारी राजासारखे बसायचे. पट्टा लावून डोळे मिटले, प्रार्थना केली. आता उघडा, म्हणावंसं वाटलं. रिव्हर्स घेताना दोन खांब आडवे. चौकात न थांबता सरळ पुढे. नापास.
कागद घेताना हसून विचारलं, रविवारचं वचन आठवतं ना? म्हटलं, आठवतं, पण खांबही आठवतात.

बुधवार, ६ मार्च
आई बोलत नाही. पाळकांना नापास करणारी मुलगी पोटी आली म्हणे.

रविवार, १० मार्च
रागारागाने बायबल घेऊन बसले. मत्तय म्हणतो न्याय करू नका. योहान सातमध्ये – वरवर बघून नको, पण योग्य न्याय करा. पौल तर करिंथकरांना सांगतो, मंडळीतल्यांचा न्याय तुम्हीच करायचा. मग करू की नको? आईला दाखवलं. तिने चष्मा लावला आणि मत्तयातलंच पुढचं वाचलं – आधी स्वतःचा डोळा साफ कर, मग भावाचा. म्हणजे भावाचा करायचाच आहे की! दोघी हसलो. अबोला संपला.

मंगळवार, १९ मार्च
पाळक पुन्हा. खांब वाचले, पण वळताना आरशात बघितलंच नाही. सायकलवाली थोडक्यात वाचली. नापास. उतरताना हळूच म्हणाले, "एवढं एक सोडून द्या. फार गरज आहे मला."
नाही सोडलं. कसली गरज? चर्चच्या मंडळीने नवी गाडी दिलीय, मिरवायची असेल.

मंगळवार, २ एप्रिल
पास! तीन चुका, तिन्ही किरकोळ. त्यांनी कागद दोनदा वाचला.
"दया नाही ना केलीत?"
"फॉर्मवर दयेचा रकाना नाही, साहेब."
रुमालाने कपाळ पुसलं, कागद घडी करून खिशात ठेवला.

गुरुवार, ४ एप्रिल
पाळकीणबाई ऑफिसात आल्या होत्या, स्वतःचं लायसन्स परत द्यायला. खिडकी हाताने चाचपली. सहा महिन्यांपासून नीट दिसत नाही, आता उरलंसुरलंही चाललंय. पाळक पास होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नव्हतं. त्यांनी माझा हात शोधून धरला. "दोनदा नापास केलंत ना, म्हणून त्यांच्या शेजारी निर्धास्त बसते."