पुंगळीवरचं काजळ

बंदुकीचा बोल्ट पुढे गेला, पण खाली वळेना. मी हात काढून घेतला, अण्णा. जोर लावला नाही. काल नेमबाजीच्या रेंजवरही हेच झालं. मी घरी भरलेल्या काडतुसांपैकी एकही नीट बसलं नाही. म्हणून आज दुपारी घरी नुसती पितळी पुंगळी आणि गोळी घेतली, दारू न भरता. तरी अडतंय. उद्या रानडुकरांच्या शिकारीत मला पहिल्यांदाच एकटीची जागा मिळाली आहे, ओढ्याच्या वाटेवर. गटाच्या म्हाताऱ्या प्रमुखांना इथे जपानात सगळे ओयाकाता म्हणतात. डुकरं त्यांचीच रताळी खातात. "तिथून निसटलं की गेलं," एवढंच ते मला म्हणाले. दुकानातली काडतुसं संपली आहेत. आणि या वापरलेल्या पुंगळ्या त्यांनीच दिलेल्या, पिशवी भरून, दोन्ही हातांनी.

काजळाची डबी आणली. पुंगळीवर बोटाने काजळाचा पातळ थर फिरवला. नवरा चहा करत होता.

"दृष्ट लागली वाटतं तिला," तो म्हणाला. मग म्हणाला, "ताप आलाय म्हणून ओयाकातांना कळव ना."

"आणि पुंगळ्या?"

"बसत नाहीत हे नको सांगूस. भेट आहे ती."

मी लहान असताना, अण्णा, तुम्ही स्वयंपाकघराला जुन्या बाजारातून दार आणलं होतं. ते लागत नाही. मी खांद्याने ढकलते. "अगं म्हशी, चौकट फोडशील!" तुम्ही आईची काजळाची डबी मागता, दाराच्या कडेला काजळ फासता, दार हलकेच टेकवून उघडता. "चौकटीला काळं कुठे लागलंय बघ. तिथेच अडतंय. बाकीच्याला रंधा लावायचा नाही." आई म्हणते, नवीनच घ्यायचं होतं. "दुसऱ्या घरात राहिलेलं दार आहे," तुम्ही म्हणता, "त्याचं काय चुकलं?"

काजळ लावलेली पुंगळी आत घालून बोल्ट हलकेच टेकवला, मागे घेतला. काजळ एकाच ठिकाणी पुसलं होतं, पुंगळी तोंडाकडे निमुळती होते त्या खांद्यावर. ओयाकातांच्या बंदुकीत उडताना ती त्या बंदुकीच्या मापाने फुगली होती, आणि मी माझ्या जुन्या पुंगळ्यांसारखं तिचं फक्त तोंड आवळत होते. सबंध अंग आवळणारी डाय, म्हणजे पोलादी साचा, काडतुसं भरायच्या प्रेसवर चढवली, जराजरा खाली घेतली. अखेर बोल्ट बोटाने वळला. उद्यापुरती काडतुसं भरली, बाकीची बाजूला ठेवली. आनंद व्हायला हवा होता. मी प्रेस पुसून ठेवला.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हाही असंच. मी इथेच, त्सुकुबात. प्लास्टिकच्या कचऱ्याचा दिवस होता. पिशवी खाली ठेवून आले आणि कामावर गेले. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे. तसं नव्हतं. कुठे अडलंय ते मी पाहिलं नाही, नंतरही नाही. हे तुम्हाला सांगायचं होतं. पत्र काजळाच्या डबीखाली ठेवते आहे.

डबीखालचं पत्र पुन्हा काढलं आहे, अण्णा. सकाळी ओयाकातांना सांगून टाकलं, "तुमच्या पुंगळ्या माझ्या बंदुकीत बसत नव्हत्या." "बसणार कशा? माझी बंदूक सैल झालीय," ते म्हणाले, "दातांसारखी." ओढ्याच्या वाटेवर बोल्ट न अडता बंद झाला. डुक्कर आलं, एका गोळीत पडलं. सगळे ओरडले. मीही ओरडले, जरा उशिरा.