वाटाण्याएवढं, सकाळ-संध्याकाळ

खडकी, पुणे
२४ एप्रिल २०२५

ती. विमलताईस,
सविनय जय भीम, वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन मी परवापासून बंद ठेवला आहे. फोनवर माझा आवाज चढतो, मग तू ‘बरं बरं’ म्हणतेस आणि विषय बदलतेस. कागदावर तुला विषय बदलता येणार नाही.

तू ललिताला फोन करून कळवलंस. मला नाही, माझ्या बायकोला. नम्रताचं लग्न मी लावायचं नाही, मुलाच्या वडिलांच्या, म्हणजे श्यामसुंदररावांच्या, ओळखीचे वारज्याचे कोणी बौद्धाचार्य आहेत, ते लावतील. कारण काय, तर मुलाकडच्यांची इच्छा. ताई, एकवीस वर्षांत मी एकशे बारा लग्नं लावली. दहावी नापास माणूस, पाली कोणी शिकवली नाही, पण आजवर एकही गाथा पुस्तकात बघून म्हटली नाही. एकशे तेरावं लग्न सख्ख्या भाचीचं, आणि तिथे मी चालत नाही.

इच्छेचं कारण मला ठाऊक आहे. साखरपुड्यात श्यामसुंदरराव माझ्याशी बोलत होते, पण बघत होते नाकाकडे. तर जे झालं ते नीट लिहितो. वीस तारखेला बाराला खडकीहून निघालो. बिबवेवाडीपर्यंत पंधरा किलोमीटर, चाळीस अंशांचं ऊन, डोक्यावर हेल्मेट आणि स्वारगेटला बावीस मिनिटं खोळंबा. पोहोचल्याबरोबर तुझा उकळता चहा. माझ्या चेहऱ्याला यातली एक गोष्ट पुरते, त्या दिवशी सगळ्या एकदम मिळाल्या. गाल, नाक, हनुवटी लाल होऊन आतून तव्यासारखी तापली. सहा वर्षं हे चाललं आहे. मी वही ठेवली आहे, तिच्यात ऊन, चहा, मिरची, झोप, राग असे रकाने आहेत. रागाचा रकाना सर्वांत भरलेला आहे, तेही मान्य.

दारूचा थेंब मी घेतलेला नाही. का घेतलेला नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

इलाजाचं म्हणशील तर तोही मीच शोधला. ती निळी ट्यूब लावली की दोन दिवसांत चेहरा निवतो. नम्रताच्या मुरमांवर मीच दिली होती. आठ दिवसांत तिचा चेहरा लख्ख झाला, तेव्हा तूच मला डॉक्टर म्हणाली होतीस. साखरपुड्याच्या आठवड्यात माझी ट्यूब संपली होती आणि मेडिकलवाल्याकडे माल नव्हता. माझा दोष असेल तर एवढाच.

तेव्हा श्यामसुंदररावांना स्वच्छ शब्दांत सांग की आमचा भाऊ पीत नाही. ते सांगायला जड जात असेल, तर आठ जूनला लग्नात मामाची खुर्ची रिकामी राहील.

लोभाचं तुझ्या उत्तरानंतर पाहू.
तुझा भाऊ,
सुदर्शन


बिबवेवाडी, पुणे
२ मे २०२५

चि. सुदर्शन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं पत्र सहा दिवसांनी आलं. पायी निघाला असतास तर जेवूनखाऊन परत पोहोचला असतास. हे उत्तर स्पीड पोस्टाने पाठवते, म्हणजे राग शिळा व्हायच्या आत मिळेल.

श्यामसुंदररावांनी दारूचं नावही काढलं नाही. मामांची तब्येत जपा, एवढंच म्हणाले आणि पाठोपाठ वारज्याच्या बौद्धाचार्यांचा विषय काढला. अर्थ कळायला मला शाळेत जावं लागलं नाही. मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. बोलले नाही. का, ते आता लिहिते, कारण तूच म्हणतोस की कागदावर विषय बदलता येत नाही.

आबा कारखान्यातून आले की आई माझ्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची आणि सांगायची, देताना जरा जवळ जा. मी नऊ वर्षांची होते. परत येऊन मी मान हलवायची, त्यावर आई ठरवायची की तुला शेजारी झोपायला पाठवायचं की नाही. तू तीन वर्षांचा होतास. साखरपुड्याच्या दिवशी तू हेल्मेट काढून बसलास, तोंड लालभडक, डोळे चुरचुरलेले. मी पाणी घेऊन आले आणि जवळ आले. वास घेतला, सुदर्शन. तुझा. नुसता घामाचा वास होता. पण मी घेतला आणि ते श्यामसुंदररावांनी पाहिलं. बहिणीलाच खात्री नाही म्हटल्यावर त्यांनी काय समजायचं? म्हणून माझी जीभ उचलली नाही.

आता दुसरं. हे नम्रता तुला सांगू नको म्हणते. चार महिने तिचाही चेहरा जळतो आहे. गालांवर लाल जाळी आणि बारीक पुटकुळ्या. ऑफिसला जाताना मेकअप थापून लपवायची, मला वाटायचं फॅशन आहे. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो काय लावतेस. पोरीने पर्समधून निळी ट्यूब काढली. दोन वर्षं लावते आहे, वाटाण्याएवढं, सकाळ-संध्याकाळ, तू चिठ्ठीवर लिहून दिलं होतंस तसं. त्या म्हणाल्या, यात स्टेरॉइड आहे. लाली दाबतं, कातडी पातळ करतं आणि बंद केलं की दुपटीने उसळतं. कोणी दिलं, असं विचारल्यावर नम्रता म्हणाली, मेडिकलवाल्याने. तुझं नाव तिने घेतलं नाही.

तूही बंद कर आणि त्यांना दाखव. रागाव माझ्यावर, पण दाखव.

मायेत खंड नाही, तुझ्याकडून पडला तरी.
ताई


खडकी
७ मे २०२५

ती. ताईस,
जय भीम, वि. वि.

वास घेतलास. हे वाक्य मी चार वेळा वाचलं. एकोणिसाव्या वर्षी पंचशील घेतलं, आज एक्कावन्नचा आहे. बत्तीस वर्षांत तुझ्या घरी मी किती वेळा आलो असेन आणि त्यातल्या किती वेळा तू जवळ आलीस, ते आता मोजत बसावं लागेल.

आणि ती डॉक्टरीण. किती मिनिटं पाहिलं तिने? पाच? मी सहा वर्षं पाहतो आहे. भाचीला द्यायच्या आधी ते मलम मी तीन आठवडे माझ्या डाव्या गालावर लावलं, उजवा तसाच ठेवला, रोज नोंद केली. डावा स्वच्छ, उजवा लाल. एवढी तपासणी डिग्रीवाले तरी करतात का? ज्याच्या भिंतीवर सर्टिफिकेट नाही, त्याचं सगळंच चूक, हे मी कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं ऐकतो आहे. शतांश मिलिमीटरचा फरक मात्र शेवटी मलाच सापडतो.

(पत्र इथे थांबलं होतं. आज ११ तारीख.)

ताई, मेडिकलवाला ट्यूब नेहमी खोक्याशिवाय द्यायचा. काल मी खोकं मागितलं. तो म्हणाला, कशाला हवं साहेब, तुम्ही तर जुने गिऱ्हाईक. मी दुकानात उभा राहिलो आणि खोकं घेतल्याशिवाय हललो नाही. आतलं पत्रक घरी आणून कामाच्या भिंगाखाली वाचलं. तिसऱ्या घडीत, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं आहे. चेहऱ्यावर लावू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये.

घरात आणलेल्या मिक्सरचं माहितीपत्रक मी दोनदा वाचतो. हे वाचलं नाही.

आमच्याकडे मोजमापाचं प्रत्येक गेज ठरावीक दिवसांनी मास्टर गेजवर ताडून बघावं लागतं, कारण वापरलेल्या गेजची झीज त्याच गेजने कळत नाही. हे मी नव्या मुलांना शिकवतो. आणि मी मलम कशावर तपासलं? माझ्याच गालावर, तीन आठवडे. तपासणारा मी, पास करणारा मी. मेडिकलवाल्याला काल वाट्टेल ते बोललो, पण घरी येईपर्यंत त्यातलं निम्मं मलाच लागू पडायला लागलं होतं.

ट्यूब आजपासून बंद. उद्या तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे जातो. त्यांनी विचारलं की मुलीला कोणी दिलं, तर नाव मी सांगेन. पोरीने माझ्यासाठी खोटं बोलू नये.

वास घेतल्याचं मी विसरलेलो नाही.
सुदर्शन


बिबवेवाडी
२४ मे २०२५

ती. मामास,
जय भीम.

पत्र लिहायची सवय नाही, शाळेत मार्कांसाठी लिहिलं होतं तेवढंच. पण तू फोन उचलत नाहीस आणि मला हे मम्मीसमोर बोलायचं नाही.

मामा, मी तुझ्यावर चिडले आहे. आधी ते लिहून टाकते. तू दिलंस म्हणून मी गूगलसुद्धा केलं नाही. मी, जी चप्पल घेताना पन्नास रिव्ह्यू वाचते. आमच्या घरात मामाने सांगितलं की विषय संपतो.

ट्यूब बंद करून बावीस दिवस झाले. चेहरा इतका वाईट कधीच नव्हता. गरम पाण्याची वाफ लागली तरी भाजतं. ऑफिसात कॅमेरा बंद करून मीटिंग करते. अभयने परवा पाहिलं आणि शांतपणे म्हणाला की डॉक्टर सांगतात तसंच कर. पण त्याच्या आत्याने पार्लरचं पॅकेज सुचवलं, मम्मी रोज माझ्याकडे बघून तोंड फिरवते आणि लग्नात मी नखशिखान्त पांढऱ्या साडीत असणार. त्यावर हा चेहरा. फोटो जन्मभर राहतात.

माझ्या कपाटात एक ट्यूब आहे, न उघडलेली. पंधरा दिवस राहिलेत. शेवटचे पाच दिवस लावली तर मी छान दिसेन, हे मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. तू सांग, लावू का? तूच सुरू करायला सांगितलंस, आता तूच सांग. आणि नाही म्हणणार असशील, तर तूही त्याच चेहऱ्याने ये. मी एकटी तशी उभी राहणार नाही.

मी अभयला सांगितलंय की लग्न मामा लावेल, नाहीतर आपण सरळ रजिस्टर ऑफिसात जाऊ. त्याने घरी कसं मनवलं, ते मी विचारलं नाही. आता तू रुसून बसू नकोस, प्लीज.

राग आहे, तरी तुझीच,
नम्रता


खडकी
२८ मे २०२५

चि. नम्रता हिस,
अ. उ. आ.

नको लावूस.

ट्यूब बंद करून मला सतरा दिवस झाले. माझा चेहरा तुझ्यापेक्षा वाईट आहे, ललिताला विचार. पीएमटीत माझ्या शेजारची बाई उठून उभी राहिली, जागा असताना. रविवारी विहारात एका उपासकाने मला बाजूला घेऊन व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला. मी तो फाडून त्याच्याच खिशात ठेवला. सुरुवातीला सारखा ट्यूबकडे हात जायचा, म्हणून उरलेली कात्रीने उभी कापली आणि मलम कागदाला पुसून टाकलं. तूही कापून टाक. उघडू नकोस, थेट काप.

डॉक्टरीणबाईंना मी दिसल्या दिसल्या सांगितलं की मुलीला ते मीच दिलं. त्यांनी ते माझ्या केसपेपरवर लिहून घेतलं. मग म्हणाल्या की तुझं काही महिन्यांत निवळेल. माझं मुळातच वेगळं आहे, त्याला रोझेशिया म्हणतात, ते जन्माची सोबत करेल. सांभाळलं तर गप्प बसेल, पण जाणार नाही. तुझं जाणार आहे, हे ऐकलं तेव्हा त्या खोलीत मी पहिल्यांदा पाठ टेकून बसलो.

आता कामाचं. तोंडाला साबण नाही, कोमट पाणी, टिपायचं, पुसायचं नाही. पार्लरच्या बाईला हात लावू देऊ नकोस, आत्याबाईंना हवं तर पॅकेज त्यांनी घ्यावं. साडी नेसताना पंखा समोर हवा. मी हॉलवाल्याशी बोललो आहे. विधी साडेबाराऐवजी दहाला लावू, पत्र्याला ऊन लागायच्या आत. हे सगळं मी डॉक्टरांकडून लिहून घेतलं आहे, माझ्या मनाचं यात एक अक्षर नाही.

मी येईन, याच चेहऱ्याने. स्कूटरवर नाही, बसने.

माफी मागायची मला सवय नाही, हे तुला माहीत आहे. मागतो आहे.
मामा


बिबवेवाडी
११ जून २०२५

चि. सुदर्शन यास,
अ. उ. आ., जय भीम.

तू गाथा संपवून न जेवता निघून गेलास. स्वयंपाकघराची धग सोसत नाही असं ललिताने सांगितलं, ते मी निम्मं खरं धरलं. म्हणून पुढचं कळवते.

चार शीलं दिलीस आणि पाचव्या, दारू न पिण्याच्या, शीलाआधी थांबलास. मी घाबरले. वाटलं, गाथा विसरलास, एकशे तेराव्या वेळी. श्यामसुंदरराव पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. मग तू जे म्हणालास ते हॉलमधल्या मागच्या माणसालाही ऐकू गेलं: “हा रंग दारूचा नाही. चुकीचं मलम मी सहा वर्षं लावलं आणि या मुलीला मीच दिलं. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं असेल त्यांनी आधी माझ्याकडे बघावं.” आणि मग पाचवं शील दिलंस, चढ्या आवाजात, भांडल्यासारखं. पंचशील असं रागाने दिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. नम्रताने मान वर केली ती पुन्हा खाली घातली नाही. फोटो आले आहेत. लाल दिसते. छान दिसते.

जेवणाच्या रांगेत अभयच्या आईने मला कोपऱ्यात घेतलं आणि पर्समधून ट्यूब काढून दाखवली. कंपनी वेगळी, पण रंग तोच. वांगांवर तीन वर्षं लावतात. पाठोपाठ आणखी चौघी आल्या. श्यामसुंदरराव हे सगळं बघत उभे होते. शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाले, मामांना विचारून सांगा, हिने आता काय करायचं. चेहरा पाहण्यासारखा झाला होता, आणि तोही लालच.

जीव तुझ्यात आहे, हे वेगळं लिहायला लावू नकोस.
ताई


खडकी
१६ जून २०२५

ती. ताईस,
जय भीम, वि. वि.

श्यामसुंदररावांना कळव की मामांना विचारू नये. डॉक्टरीणबाईंचा पत्ता सोबत जोडला आहे, वेळ सकाळी दहा ते एक, गुरुवारी बंद. मी आता कोणाला काही देत नाही. पत्ता फक्त देतो.

त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही. बघून ठरवणाऱ्या माणसांवरचा राग जाऊ नये असं माझं मत आहे. तुझ्यावरचा कमी झाला आहे. तांब्या घेऊन जाणारी नऊ वर्षांची मुलगी दिसते मध्येच, आणि शेजारी झोपायला गेलेला मी. मग पुढे रागावता येत नाही.

रविवारी सकाळी येतो. चहा कोमट ठेव. पाणी मात्र तूच आण, आणि जवळ यायचं असेल तर ये.

सुदर्शन