प्रयोगाचा राजगिरा

१२ नोव्हेंबर

राजगिरा गुडघ्याला लागला. काय हिरवागार! बघून लाजच वाटते. सेलू रोडच्या या वावरात अप्पांनी सहा वर्षं जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्यांना जागा दिली होती. ते गेले, शिसं मातीत राहिलं. राजगिरा ते मुळांनी ओढून पानांत घेतो, मग झाडं उपटून दूर न्यायची. माझ्या प्रबंधाचा विषय – आणि माझ्याच बापाची करणी!

पेरणीच्या दिवशी बांधावरच्या फळ्यावर ‘विषारी’ लिहिणार होते. अप्पा म्हणाले, “तसलं लिवू नको, बाई. गावात तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई.” मग नुसतं ‘प्रयोग’ लिहिलं. भित्री कुठली!

१९ नोव्हेंबर

पानं मोजली. बाकी काही नाही.

२४ नोव्हेंबर

शेजारच्या नर्मदाकाकू दारात, हातात राजगिऱ्याची जुडी. “घे, वानोळा! तुमच्याच वावरातला. लय कवळा हाय.”

किती दिवस खुडताय?

“पंधरा रोज झाले की. माझ्या लेकीला, मनिषाला, सातवा म्हैना लागलाय. डॉक्टरीण म्हणली रगत कमी हाय, पालेभाजी खा. म्हणलं, बाजारातली कशाला? प्रयोगाची चांगली!”

परभणीकडं ‘प्रयोगाचं’ म्हणजे कृषी विद्यापीठाचं, म्हणजे सगळ्यात चांगलं. हे मला कळू नये? जन्म इथंच गेला की!

तोंडातून एवढंच निघालं – आता खुडू नका, कीड पडलीय.

२५ नोव्हेंबर

काकूंच्या दारापर्यंत दोनदा गेले. परत आले. थू माझ्या शिक्षणावर!

२६ नोव्हेंबर

सांगितलं. सगळं. काकूंनी घरातली उरलेली जुडी उकिरड्यावर टाकली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मनिषा म्हणाली, “ताई, इख हाय म्हणून लिवलं असतं तर आमाला वाचता येत होतं की.”

तिला घेऊन परभणीला निघाले, रक्त तपासायला. अप्पा न बोलावता गाडीत येऊन बसले. “माझंबी काढा.” मला वाटलं, सोबत म्हणून.

४ डिसेंबर

रिपोर्ट आले. मनिषाच्या रक्तात शिसं आहे. डॉक्टर म्हणाले, बाळंत होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी दाखवा. अप्पांचं तिच्या दुप्पट.

अप्पांना विचारलं. खाली बघत म्हणाले, “नर्मदा पहिल्या दिवसापासून भाजी करून आणायची. तू कॉलेजात असायचीस. न्हाई म्हणलं तर का ते सांगावं लागलं असतं. तिच्यादेखत खात गेलो.”